स्त्रियांचा कर्करोग : शस्त्र आणि किरण

पालघर जिल्ह्यांतील बेटेगांव हें बोईसरजवळचें एक गांव. त्याच परिसरांत समुद्रकांठीं तारापूर आहे, आणि तेथें भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र. या केंद्राची वीज १९६९ सालीं मिळूं लागली ही गोष्ट त्या भागांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असते. परंतु ज्या अणुऊर्जा खात्यानें हें केंद्र उभारलें, त्याच खात्याकडे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा कारभार १९६२ पासून आहे, हें फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. योगायोग एवढ्यावरच थांबत नाहीं. ज्या मेहेरबाई टाटा यांच्या स्मरणार्थ तें रुग्णालय निघालें, त्या अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आत्या. मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. मुंबईंत रेडियमच्या उपचारांची सोय व्हावी असें त्यांचे पति सर दोराबजी यांच्या मनांत होतें. पण पुढच्याच वर्षीं तेहि गेले, आणि त्यांच्या विश्वस्तांनीं २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें रुग्णालय उघडलें.

अर्थात् तारापूरच्या भट्टींतून वीज निघते, रोग्याचें औषध नव्हे. कर्करोगावरील किरणांसाठीं लागणारीं द्रव्यें दुसरीकडे तयार होतात. तथापि बोईसर, पालघर, डहाणू या पट्ट्यांतील एखाद्या स्त्रीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला, तर आजहि बहुधा तिला शंभरेक किलोमीटरांचा प्रवास करून मुंबईच गांठावी लागते. तेथें पोंचल्यावर तिचें पोट चिरावयाचें कीं तिला किरण द्यावयाचे, आणि चिरावयाचें तर किती व कोणत्या वाटेनें, हा प्रश्न सव्वाशें वर्षांचा जुना आहे. त्याच्या इतिहासांतील शेवटचीं कांहीं पानें महाराष्ट्रांतच लिहिलीं गेलीं.

स्त्रियांच्या जननेंद्रियांना होणारे कर्करोग मुख्यतः तीन. एक गर्भाशयाच्या मुखाचा, दुसरा गर्भाशयाच्या आंतील अस्तराचा, तिसरा अंडाशयाचा. पैकीं पहिल्याचा भारतांत सर्वांत अधिक प्रादुर्भाव आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणें त्या एका वर्षांत आपल्या देशांत सुमारें सव्वा लाख स्त्रियांना हा रोग नव्यानें झाला व सुमारें ऐंशी हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. या रोगाचा स्वभाव मोठा फसवा आहे. आरंभीं तो दुखत नाहीं. अंगावर पांढरें जातें, पाळी नसतांना रक्त दिसतें, पतिसहवासानंतर रक्त दिसतें, किंवा पाळी जाऊन वर्षें लोटल्यावर ती पुन्हां आल्याचा भास होतो. यांपैकीं एकहि गोष्ट घरांतील पुरुषांसमोर बोलावयाची नाहीं, असा आपल्याकडील रिवाज. सासूजवळ बोलावें तर "वयाप्रमाणें होतें तसें" हें उत्तर ठरलेलें. कंबर व पाय दुखूं लागले, लघवीला त्रास होऊं लागला, म्हणजे मग डॉक्टर आठवतो; आणि तोंपर्यंत रोग गर्भाशयाची वेस ओलांडून पलीकडे गेलेला असतो.

एकोणिसाव्या शतकांत तर डॉक्टर पुरुष, म्हणून तपासणीच नको, अशी स्थिति होती. १८८६ सालीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय उघडलें व तेथें स्त्रियांवर स्त्री डॉक्टरांनींच उपचार करावे असें ठरलें, त्याचें महत्त्व या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळाली तीहि १८८६ सालींच. कामा रुग्णालयाची सूत्रें पहिल्यानें एडिथ पीची या इंग्रज बाईंच्या हातीं होतीं. पुढें १९२८ पासून १९४७ पर्यंत तीं डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल समाजांतील विदुषीनें सांभाळलीं. शस्त्रक्रियेच्या इतिहासांत अशा नांवांना सहसा स्थान मिळत नाहीं. परंतु रोगी टेबलापर्यंत आलाच नाहीं, तर शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा उपयोग तो काय?

युरोपांत या रोगावर शस्त्र चालविण्याचे प्रयत्न त्यापूर्वींच सुरू झाले होते. पण गर्भाशय तेवढें काढलें, तर थोड्याच महिन्यांत रोग भोंवतालच्या भागांत पुन्हां उठे. व्हिएन्ना शहरांतील एर्न्स्ट व्हर्टहाइम या शस्त्रवैद्यानें १६ नोव्हेंबर १८९८ रोजीं निराळा मार्ग धरला. पोट उघडून त्यानें गर्भाशयाबरोबर त्याच्या दोन्ही बाजूंचें पेशीजाल, योनिमार्गाचा वरचा भाग आणि जेथें जेथें हातास गांठ लागली तेथील लसिकाग्रंथि काढून टाकल्या. ऐकावयास हें सोपें वाटतें. प्रत्यक्षांत मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी बारीक नलिका गर्भाशयाच्या मुखाच्या अगदीं शेजारून, त्याच्या मुख्य रक्तवाहिनीखालून जाते. ती सोडवून बाजूस धरल्याशिवाय ही शस्त्रक्रिया होतच नाहीं. तिला इजा झाली, तर रोगांतून वांचलेली स्त्री आयुष्यभर मूत्रस्रावानें भिजत राहते. त्यांतून तो काळ असा कीं, जंतुनाशक औषधें नव्हतीं आणि रक्त देण्याची सोयहि नव्हती. रक्ताच्या गटांचा शोध त्याच व्हिएन्नांत लागावयाचा होता, पण त्याला आणखी दोनतीन वर्षांचा अवकाश होता. व्हर्टहाइमच्या हातून आरंभीं ज्या स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकीं तिसऱ्या हिश्श्याहून अधिक स्त्रिया शस्त्रक्रियेनेंच दगावल्या. हा आकडा त्यानें स्वतःच प्रसिद्ध केला, ही त्याच्या सचोटीची साक्ष म्हटली पाहिजे.

त्याचे गुरु फ्रीड्रिख शाउटा यांना ही पोट फाडण्याची रीत पसंत नव्हती. त्यांनीं १९०१ सालीं हीच शस्त्रक्रिया खालून, योनिमार्गानें, करून दाखविली. तींत मृत्यु कमी होत. मात्र लसिकाग्रंथि त्या वाटेनें हातीं लागत नसत. गुरुशिष्यांचा हा वाद एका शहरांत सुरू होऊन सगळ्या जगांत पसरला. आणि वरून जावें कीं खालून जावें, थोडें काढावें कीं पुष्कळ, हेच प्रश्न नांवें बदलून पुढें शंभर वर्षें विचारले गेले. भारतांत कलकत्त्याचे डॉ. सुबोध मित्र यांनीं त्यावर तोड काढली. गर्भाशय शाउटांच्या वाटेनें खालून काढावयाचें, आणि लसिकाग्रंथींसाठीं पोटाच्या पडद्यास धक्का न लावतां त्याच्या बाहेरून जावयाचें, अशी त्यांची पद्धति. ती मित्र शस्त्रक्रिया या नांवानें परदेशांतील ग्रंथांतहि गेली.

परंतु शस्त्राला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो शस्त्रवैद्यांत नव्हे. व्हर्टहाइमच्या त्या पहिल्या शस्त्रक्रियेस चाळीस दिवस झाले नाहींत, तोंच २६ डिसेंबर १८९८ रोजीं पॅरिस येथें मेरी व पिएर क्यूरी यांनीं रेडियमचा शोध जाहीर केला. १९०३ सालीं न्यूयॉर्कमधील मार्गारेट क्लीव्हज या स्त्री डॉक्टरानें गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर रेडियमचा उपयोग केला. येथें एक सोय निसर्गतःच होती. रोगाची जागा अशी कीं, रेडियमची नळी थेट त्याच्या उदरांतच नेऊन ठेवतां येई. आणि गर्भाशय स्वतः पुष्कळ किरण सोसूं शकतें. अडचण एवढीच कीं, पुढें मूत्राशय व मागें गुदाशय हीं शेजारीं. किरण किती व कोठें पोंचले हें मोजण्याची शिस्तशीर पद्धति १९३८ सालीं मँचेस्टर येथें मार्गारेट टॉड व विल्यम मेरेडिथ यांनीं बसविली. तोंपर्यंत पुष्कळ देशांतील शस्त्रवैद्यांनीं व्हर्टहाइमची शस्त्रक्रिया जवळजवळ सोडून दिली होती. १९४४ च्या सुमारास बॉस्टनच्या जो व्हिन्सेंट मीग्ज यांनीं, रक्तदानाची व चांगल्या भुलेची सोय झाल्यावर, तिचें पुनरुज्जीवन केलें. दोराबजींच्या मनांत रेडियमची कल्पना आली, ती या काळांतली.

परळच्या रुग्णालयांत सुरुवातीपासून दोन्ही साधनें होतीं. रोगपरीक्षेचा विभाग डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होता. शस्त्रवैद्यांत गोमंतकीय डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचा लौकिक असा झाला कीं, रुग्णालयाजवळच्या रस्त्यास पुढें त्यांचें नांव दिलें गेलें. खानोलकरांनीं निरनिराळ्या समाजांतील स्त्रियांच्या रोगांची तुलना केली. १९५१ सालीं डॉ. जस्सावाला प्रभृतींनीं इंडियन कॅन्सर सोसायटी काढली, आणि तिनें १९६३ सालीं मुंबईंतील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंदवही सुरू केली. अशी नोंदवही भारतांत तीच पहिली. तिच्यावरून दिसून आलें कीं, पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक व गर्भाशयमुखाचा कमी, आणि हिंदु स्त्रियांत नेमकें उलट. याचीं कारणें लोकांनीं नाना प्रकारें लाविलीं. मूळ कारण एक विषाणु आहे, हें १९८३ सालीं जर्मनींतील हाराल्ड झुर हाउझेन यांच्या संशोधनानें पुढें आलें; त्याबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

उपचारांच्या फलाचा विचार करतांना रोगाचे टप्पे ध्यानांत घ्यावे लागतात. राष्ट्रसंघाच्या आरोग्यविभागानें १९२९ सालीं या रोगाचे चार टप्पे ठरविले. त्यांत पुढें सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच राहिला. पहिल्या टप्प्यांत रोग मुखापुरता असतो, दुसऱ्यांत तो शेजारीं सरकतो, तिसऱ्यांत कमरेच्या हाडांच्या भिंतीपर्यंत जातो, चौथ्यांत मूत्राशय, गुदाशय किंवा दूरचीं इंद्रियें गांठतो. पहिल्या टप्प्यांत शस्त्र चालतें, तिसऱ्यांत चालत नाहीं, येथवर कोणाचें दुमत नाहीं. भांडण आहे तें मधल्या पट्टीबद्दल.

इटालींत १९९७ सालीं एक मोठी तुलना प्रसिद्ध झाली. पहिल्या व दुसऱ्या टप्प्याच्या आरंभींच्या ३४३ स्त्रियांपैकीं कोणाला शस्त्र व कोणाला किरण हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें होतें. पांच वर्षांनीं दोन्हीं गटांत शेंकडा ८३ स्त्रिया जिवंत होत्या. मात्र गंभीर त्रास शस्त्राच्या गटांत शेंकडा २८ जणींना, आणि किरणांच्या गटांत शेंकडा १२ जणींना झाला. कारण उघड होतें. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांना नंतर किरणहि द्यावे लागले, आणि दोन्ही उपचारांची झळ एकाच शरीरानें सोसली.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी एका कारणानें बिकट होतो, आणि तें कारण वैद्यकीय नाहीं. शस्त्रक्रिया म्हणजे एकदांच रुग्णालयांत राहणें. किरणोपचार, ज्याला सामान्य लोक 'शेक' म्हणतात, तो आठवड्यांतून पांच दिवस याप्रमाणें सुमारें पांच आठवडे चालतो, आणि त्यानंतर आंतून किरण देण्याच्या खेपा निराळ्या. बेटेगांवच्या बाईनें रोज परळला कसें जावें? मुंबईच्या लोकल गाड्या डहाणूपर्यंत जाऊं लागल्या त्याच मुळीं एप्रिल २०१३ पासून. आणि किरणांनीं ज्याचें पोट बिघडलें आहे, अशा माणसानें त्या गर्दींत दोन दोन तास उभें राहणें म्हणजे काय, हें अनुभवी लोकांस सांगावयास नको. दादरला गाडगे महाराजांच्या नांवें चाललेल्या धर्मशाळेसारख्या संस्था आहेत म्हणून पुष्कळांची सोय होते; पण घरीं लहान मुलें, शेतींत भात उभें, आणि बरोबर राहणाऱ्याची मजुरी बुडते, हा हिशेब धर्मशाळेनें सुटत नाहीं. म्हणून खेड्यांतील माणसें डॉक्टरास म्हणतात, "एकदां काय तें काढून टाका." शहरांतील शिकलेलीं माणसेंहि तेंच म्हणतात, फक्त निराळ्या भाषेंत.

केमोथेरपीचीं औषधें निघाल्यावर या मागणीला एक शास्त्रीय आधार मिळाल्यासारखा झाला. आधीं औषधानें रोग लहान करावा आणि मग तो शस्त्रानें काढावा, म्हणजे किरणांचें प्रकरणच नको, असा विचार जगभर बळावला. तो खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं परळ येथें डॉ. सुदीप गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं सप्टेंबर २००३ ते फेब्रुवारी २०१५ या काळांत ६३३ स्त्रियांची तुलना केली. एका गटास औषधाच्या तीन मात्रा व नंतर मोठी शस्त्रक्रिया. दुसऱ्यास किरण आणि त्यांसोबत दर आठवड्यास सिस्प्लॅटिन. २०१८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पांच वर्षें रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचें प्रमाण शस्त्राच्या गटांत शेंकडा ६९.३, किरणांच्या गटांत शेंकडा ७६.७. एकंदर जगलेल्यांचें प्रमाण मात्र दोहींकडे जवळजवळ सारखें, म्हणजे शेंकडा ७५.४ व ७४.७.

शस्त्रक्रियेचा आग्रह धरणारांना हा निकाल पचणें कठीण होतें. तो एखाद्या परदेशीं रुग्णालयांतून आला असता, तर आपल्या बायकांची प्रकृति निराळी असें म्हणून सोडून देतां आला असता. पण हा परळचा, आपल्याच खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्रियांवरून काढलेला. त्यांतील आणखी एक आकडा सहसा कोणी मोठ्यानें वाचीत नाहीं. दोन वर्षांनंतर योनिमार्ग आकुंचन पावणें, कोरडा पडणें अशा तऱ्हेचा त्रास किरणांच्या गटांत शेंकडा २५.६ जणींना उरला होता. शस्त्राच्या गटांत तो शेंकडा १२ जणींना होता. रोग गेला, पण संसारांतील एक दार कायमचें बंद झालें, अशी ही स्थिति. पस्तीस चाळीस वर्षांच्या स्त्रीच्या दृष्टीनें ही किरकोळ बाब नव्हे, आणि उपचार ठरवितांना ती तिला कोणीतरी सांगितली पाहिजे. ती सांगण्याचें काम परिचारिकेवर ढकलण्याची वृत्ति डॉक्टरांत बरीच आढळते.

तिसऱ्या टप्प्यावर आलेल्या स्त्रियांविषयींहि परळ येथेंच डॉ. श्याम श्रीवास्तव प्रभृतींनीं ८५० रोग्यांचा प्रयोग केला. नुसत्या किरणांनीं पांच वर्षें जगल्या शेंकडा ४६. किरणांसोबत सिस्प्लॅटिन दिल्यावर शेंकडा ५४. म्हणजे ज्यांच्याबद्दल पूर्वीं आशाच सोडीत, त्यांच्यापैकींहि निम्म्याहून अधिक वांचूं लागल्या. आणि ज्यांना शस्त्रक्रियेनंतर किरण घ्यावेच लागतात, त्यांच्यासाठीं डॉ. सुप्रिया चोप्रा यांनीं ३०० स्त्रियांवर पाहिलें कीं, प्रतिमेच्या साह्यानें नेमके रोखलेले किरण दिल्यास आंतड्यांचा मागाहून होणारा त्रास तीन वर्षांत शेंकडा ४२.४ वरून २१.१ वर, म्हणजे निम्म्यावर येतो.

इकडे शस्त्राच्या वाटेचा जुना वाद नव्या रूपानें उभा राहिला होता. पोट न उघडतां चार पांच बारीक छिद्रांतून दुर्बीण व हत्यारें घालून तीच व्हर्टहाइमची शस्त्रक्रिया करावयाची. या कौशल्यांत पुणें जगाच्या नकाशावर आलें. डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं २४८ स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि त्या रीतीस 'पुणें तंत्र' असें नांव पडलें. रक्त कमी जातें, दुखतें कमी, बाई थोड्याच दिवसांत घरीं जाते; हे गुण निर्विवाद. परंतु रोग परत न येण्याच्या बाबतींत ही वाट पोट उघडण्याच्या बरोबरीची आहे कीं नाहीं, हें एकाच पद्धतीच्या वृत्तांतावरून ठरत नाहीं. त्यासाठीं दोन्ही पद्धति शेजारीं ठेवून पाहाव्या लागतात.

तसें पाहिलें गेलें तें २०१८ सालीं. अनेक देशांतील ६३१ स्त्रियांच्या तुलनेंत असें आढळलें कीं, साडेचार वर्षांनीं रोगमुक्त असलेल्यांचें प्रमाण पोट उघडलेल्या गटांत शेंकडा ९६.५ व दुर्बिणीच्या गटांत शेंकडा ८६. ही बातमी अनेक शस्त्रवैद्यांना विजेसारखी लागली, कारण त्यांची अपेक्षा बरोबरीची होती. असें कां व्हावें? गर्भाशय हलविण्यासाठीं आंत घातलेल्या दांड्यानें रोगाच्या पेशी पसरत असतील, पोट फुगविण्यासाठीं भरलेल्या वायूचा कांहीं परिणाम असेल, योनिमार्ग पोटाच्या आंतून कापतांना पेशी सांडत असतील. तर्क अनेक आहेत, निर्णय झालेला नाहीं. चमत्कारिक गोष्ट अशी कीं, गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगांत हाच दोष दिसत नाहीं. तेथें अमेरिकेंतील २,६१६ स्त्रियांच्या तुलनेंत पांच वर्षांनंतरचें जीवनमान दोन्ही वाटांनीं शेंकडा ८९.८ असें तंतोतंत सारखें भरलें. एकाच इंद्रियाच्या दोन टोकांना एकच हत्यार दोन प्रकारें फळतें.

आणि २०२४ सालीं तर खुद्द व्हर्टहाइमच्या मूळ कल्पनेलाच कांहीं ठिकाणीं मर्यादा पडली. रोग दोन सेंटिमीटरांच्या आंत आणि खोल न गेलेला असेल, तर एवढें मोठें कापणें लागतें काय, असा प्रश्न घेऊन ७०० स्त्रियांवर प्रयोग झाला. साधें गर्भाशय काढलेल्या स्त्रियांत तीन वर्षांत कमरेच्या पोकळींत रोग परतला शेंकडा २.५२ जणींना, मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांत २.१७ जणींना, आणि लघवीचे त्रास साध्या शस्त्रक्रियेनंतर कमी. अंडाशयाच्या रोगांतहि असेंच झालें. १८०९ सालीं केंटकींतील इफ्रेम मॅक्डॉवेल यानें भुलेवांचून जेन क्रॉफर्ड या बाईच्या अंडाशयाची साडेबावीस पौंडांची गांठ काढली व ती पुढें बत्तीस वर्षें जगली, तेव्हांपासून या रोगांत जितकें अधिक काढावें तितकें बरें, असा समज होता. दिसणारा रोग निःशेष काढावा, हा नियम आजहि खरा आहे. परंतु निरोगी दिसणाऱ्या लसिकाग्रंथि उगीच काढण्यानें आयुष्य वाढत नाहीं, हें २०१९ सालीं ६४७ स्त्रियांच्या तुलनेनें सिद्ध झालें.

एकीकडे असें जपून शस्त्र आंवरलें जात असतां, आपल्याच राज्यांत दुसरीकडे तें कसें चालत होतें हें सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊस तोडणाऱ्या स्त्रियांची २०१९ सालीं सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची 'पिशवी काढलेली' निघाली. त्यांतल्या पुष्कळ तरुण होत्या. अंगावर पांढरें जाणें, पोट दुखणें, अशा साध्या तक्रारी घेऊन गेलेल्या अनेकींना कर्करोगाची भीति घातली गेली, असें त्यांनीं सांगितलें. आणि पाळी आली कीं खाडा, खाडा झाला कीं दंड, या उसाच्या फडावरील हिशेबानें उरलेलें काम केलें. म्हणजे जिला रोग आहे ती डॉक्टरपर्यंत पोंचत नाहीं, आणि जिला नाहीं तिचें गर्भाशय जातें.

या दोहोंच्या मधली वाट बार्शीच्या बाजूला शोधली गेली. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें डॉ. बी. एम. नेने यांनीं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभारलें. टाटा रुग्णालयाच्या साह्यानें तेथें खेड्यांतील कर्करोग्यांची नोंद ठेवली जाऊं लागली. तोंवर भारतांतील अशा नोंदवह्या शहरांपुरत्याच होत्या. नोंद घेणारे लोक गांवोगांव जात, लक्षणें सांगत, शंका असलेल्या स्त्रीस रुग्णालयांत आणीत. एवढ्यानेंच पहिल्या दुसऱ्या टप्प्यावर येणाऱ्या रोग्यांचें प्रमाण वाढूं लागलें. कोणतेंहि नवें यंत्र नव्हतें कीं नवी शस्त्रक्रिया नव्हती.

मुंबईंत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनीं झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांत १९९८ पासून जें केलें, तेंहि याच जातीचें. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केलें, आणि त्यांनीं शिरक्यांतल्या आम्लाचें पातळ द्रावण गर्भाशयमुखास लावून तें पांढरें पडतें काय एवढेंच पाहिलें. बारा वर्षांत या रोगानें होणारे मृत्यु शेंकडा ३१ नें घटले. उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत विषाणूची तपासणी वापरली गेली. तेथें १९९९ पासून ५२ गांवसमूहांतील १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले, आणि एका गटांत प्रत्येकीची ही तपासणी एकदांच, आयुष्यांतून फक्त एकदां, केली. आठ वर्षांनीं त्या गटांत १२७ स्त्रियांना रोग आढळला, तपासणी न केलेल्या गटांत ११८ जणींना. येथवर फरक नाहीं. पण दुसऱ्या टप्प्यावर किंवा त्यापुढें गेलेल्या पहिल्या गटांत ३९ आणि दुसऱ्यांत ८२. मेलेल्या स्त्रिया पहिल्यांत ३४, दुसऱ्यांत ६४.

या प्रयोगांवर पुढें टीका झाली, आणि ती वावगी म्हणतां येणार नाहीं. तपासणीनें जीव वांचतात असा संशय असतां हजारों स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यु मोजणें योग्य काय, असा टीकाकारांचा सवाल होता. सरकारकडून त्या काळीं कोणत्याहि खेड्यांत अशी तपासणी होत नव्हती, तेव्हां त्या स्त्रियांचें असलेलें कांहीं हिरावून घेतलें नाहीं, असें उत्तर दिलें गेलें. उत्तर खरें आहे. पण तें ऐकून ज्या चौसष्ट घरांतली बाई गेली, त्यांचें समाधान होईल असें वाटत नाहीं.